चिडायचंच, पण वर्षातून चारदा

प्रश्न : आम्ही २०११ पासून पिट्सबर्गला राहतो. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. २०१३ मध्ये ऑफिसच्या मंडळींबरोबर पायरेट्सच्या, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाच्या, दोन-चार मॅचेस पाहिल्या आणि वेड लागलं ते लागलंच. पहिली तीन वर्षं झकास गेली, त्यानंतर सगळी बोंब. मुलगा अकरा वर्षांचा आहे, पायरेट्सचा पिचर (चेंडू फेकणारा) पॉल स्कीन्सचा भक्त. स्कीन्स दोन रन देतो, आमचे बॅटर एक काढतात आणि घरात जेवणाची वाट लागते. बायको म्हणते, रोज हरणाऱ्यांसाठी रोज रक्तदाब कशाला वाढवताय? पुण्याचा भाऊ म्हणतो, आरसीबीवाल्यांनी अठरा वर्षं दम धरला, तूही धर. आणि परवा पोरगा म्हणाला, ‘बाबा, आपण लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचे होऊया का?’ मालक टीम विकेल का? सीझन तिकिटांचं पॅकेज पुन्हा घ्यावं का? आणि पोराला काय सांगू? — एक वैतागलेला बाबा

उत्तर : नमस्कार. आधी तुमच्या भावाचा मुद्दा घेऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला सारखीच रक्कम मिळते आणि त्यातला किमान ७५ टक्के खर्च करावाच लागतो. म्हणजे आरसीबी २०२५ पर्यंत जिंकली नाही ती निवडीमुळे, नशिबामुळे, शेवटच्या षटकांमुळे. खिसा कमी होता म्हणून नव्हे. मधल्या काळात २००९, २०११, २०१६ अशा तीन अंतिम फेऱ्या त्यांनी गाठल्या. तिथे दम धरण्याला काही अर्थ होता.

मेजर लीग बेसबॉलमध्ये पगारखर्चाला वरून छप्पर नाही आणि खालून जमीनही नाही. एक रेषा आहे, २०२५ मध्ये ती २४ कोटी १० लाख डॉलरवर होती. ती ओलांडली की कर भरायचा, बस्स. डॉजर्स ती बिनदिक्कत ओलांडतात. एकट्या शोहेई ओहतानीशी त्यांनी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. पायरेट्सच्या अख्ख्या संघाचा २०२५ चा पगार १० कोटींच्या आत. २०२५ पर्यंतच्या त्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनल्ड्सचा, २०२३ चा : ८ वर्षं, १० कोटी ६७ लाख ५० हजार.

लहान शहर आहे, टीव्हीचे पैसे कमी, हे रडगाणं पूर्ण खोटं नाही. पण प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा एका सामायिक खात्यात जातो आणि तिथून तीसही संघांना समान वाटला जातो. हा पैसा संघ सुधारण्यासाठी असतो. तो तसा वापरला जात नाही, अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार संघांविरुद्ध केली होती आणि त्यात पायरेट्स होते. शिवाय मिलवॉकी बघा. बाजारपेठ पिट्सबर्गपेक्षा लहान, डिव्हिजन तीच, आणि २०२५ मध्ये ९७ विजयांसह अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर. तेव्हा शहराच्या आकारावर सगळं खापर फोडू देऊ नका. तुमचा राग रास्त आहे. फक्त तो चुकीच्या वेळी येतोय.

वेळेचं गणित असं. सीझनला १६२ मॅचेस. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ हरले, १९०० नंतरच्या बेसबॉलमधला सगळ्यात मोठा आकडा, तरी ४१ जिंकलेच. उलट २००१ च्या सिअ‍ॅटल मरिनर्सनी ११६ जिंकल्या, तरी ४६ रात्री हात हलवत घरी गेले. मंगळवारच्या एका मॅचवरून संघाबद्दल काहीही कळत नाही, आणि तरी तुम्ही त्या मंगळवारचा राग जेवणाच्या टेबलावर आणता. रोजचा निकाल मोजणं बंद करा, सिरीज मोजा. बहुतेक सिरीज तीन मॅचेसच्या असतात. फ्रिजवर एक कागद लावा आणि सिरीज संपली की एकच खूण करा : घेतली, घालवली किंवा बरोबरीत सुटली. सीझनभरात अशा पन्नासेक खुणा होतात. दीडशे धक्क्यांपेक्षा त्या सोसायला बऱ्या.

दुसरा आकडा रन्सचा. संघाने काढलेल्या रन्सचा वर्ग करा, दिलेल्या रन्सचा वर्ग करा, दोन्हींची बेरीज घ्या आणि पहिल्या वर्गाला तिने भागा. समजा ६०० काढले, ६५० दिले. ३,६०,००० भागिले ७,८२,५००, म्हणजे ०.४६. त्याला १६२ ने गुणलं की साधारण ७५ विजय. खरे विजय यापेक्षा सात-आठने कमी असतील तर नशीब आणि शेवटच्या इनिंगचे पिचर यांच्याकडे बोट दाखवा. आकडे जुळत असतील तर संघ तेवढाच आहे, नशिबाला बोल लावून उपयोग नाही. मुलाला हे कागदावर करायला द्या, अकराव्या वर्षी वर्ग येतात.

पायरेट्सचं २०२५ या गणितात स्वच्छ दिसतं. तीस संघांत सगळ्यात कमी रन्स त्यांचे, होमरन ११७, तेही सगळ्यात कमी. स्कीन्सची सरासरी १.९७, म्हणजे नऊ इनिंगच्या पूर्ण मॅचला दोनपेक्षा कमी रन्स. त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यामुळे सातव्या इनिंगला आलेल्या बिचाऱ्या पिचरला शिव्या घालू नका. मॅनेजरलाही बेताच्याच घाला. मे २०२५ मध्ये डेरेक शेल्टनला काढून डॉन केलीला आणलं, बॅटर तेच राहिले, आणि सीझन ७१–९१ वर संपला.

(हे सूत्र १९६० च्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेला, लावू नका हं. सात मॅचेसमध्ये न्यूयॉर्क यांकीजनी ५५ रन काढले, पायरेट्सनी २७, आणि कप पिट्सबर्गला आला. सात मॅचेसमध्ये काहीही होतं, १६२ मध्ये होत नाही.)

आता राग कधी करायचा ते सांगतो. माझ्या मते वर्षातून चारदा, आणि तेव्हा मनसोक्त.

पहिली वेळ जुलैअखेरची, ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपते तेव्हाची. कोण गेला याने डोकं फिरतं, पण बघायचं असतं ते दुसरंच : गेलेल्या खेळाडूच्या कराराचं किती शिल्लक होतं आणि बदल्यात आलेला खेळाडू मेजर लीगपासून किती लांब आहे. दोन महिन्यांत मोकळा होणारा खेळाडू विकला तर चिडण्यासारखं काही नाही, तो जाणारच होता. अडीच वर्षं हातात असलेला विकला आणि बदल्यात एकोणीस वर्षांची तीन पोरं आली, तर समजा की पुढची तीन वर्षंही सोडून दिली. उलटी चूकही होते, आणि पायरेट्सची सगळ्यात महागडी चूक उलटीच होती. जुलै २०१८ मध्ये टॅम्पा बेच्या ख्रिस आर्चरसाठी त्यांनी टायलर ग्लासनाऊ आणि ऑस्टिन मेडोज दिले, वर नंतर शेन बाझही. आर्चर दोन सीझनही धड टिकला नाही. ग्लासनाऊ आज कुठे आहे, ते तुमच्या पोराला ठाऊक असेल : डॉजर्समध्ये.

दुसरी वेळ डिसेंबरची. कराराच्या वर्षांकडे बघा, रकमेकडे नंतर. पस्तिशीच्या चार बॅटरना एकेक वर्षाचा करार म्हणजे डागडुजी. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या एका बॅटरला तीन वर्षं दिली, तर संघ काहीतरी बांधतोय.

तिसरी वेळ मार्चअखेरची, आणि इथे थोडं थांबू, कारण अर्ध्याअधिक प्रेक्षकांना हा खेळ दिसतच नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा होतो. पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारावर (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन लवादाच्या दराने. सीझन असतो साधारण १८७ दिवसांचा, पण संघाबरोबर १७२ दिवस भरले की ‘एक वर्ष’ धरतात. म्हणजे तयार पोराला दोन-तीन आठवडे खालच्या मायनर लीगमध्ये डांबलं की वर्ष भरत नाही आणि संघाला तो सहाऐवजी जवळजवळ सात वर्षं स्वस्तात वापरता येतो. एप्रिलमध्ये ‘अजून थोडा बचाव सुधारायला हवा’ असं निवेदन आलं की कॅलेंडर काढून दिवस मोजा.

स्कीन्सच्या बाबतीत हा डाव फसला. तो ११ मे २०२४ ला पहिली मॅच खेळला, त्यामुळे दिवस भरत नव्हते. पण नव्या नियमाप्रमाणे वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. तो पहिलाच आला. त्यामुळे लवादाचा पगार २०२७ पासून आणि सुटका २०२९ चा सीझन संपल्यावर. मधे दीर्घ करार झाला नाही, तर त्याच्या विक्रीची चर्चा २०२७ च्या हिवाळ्यापासून रंगणार. हे मुलाला आजच सांगून ठेवा. आणि हो, पाठीवर नाव असलेली महागडी जर्सी घ्यायचीच असेल तर पायरेट्सच्या दिवंगत दिग्गज रॉबर्टो क्लेमेंटेची २१ नंबरची घ्या. तिला ट्रेड करता येत नाही.

चौथी वेळ सप्टेंबरअखेर. एकच प्रश्न विचारायचा : पंचविशीच्या आतले किती बॅटर गेल्या वर्षीपेक्षा चांगले झाले? पायरेट्स पिचर घडवतात. बॅटर घडवणं त्यांना वर्षानुवर्षं जमलेलं नाही. हे बदललं नाही तर बाकीच्या तीन वेळांना काय घडलं याला फारसा अर्थ नाही.

मालकाचं विचारलंत. बॉब नटिंग २००७ पासून मुख्य मालक आहेत आणि विकायचा इरादा नसल्याचं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. स्टेडियममध्ये ‘सेल द टीम’च्या घोषणा होतात, २०२५ मध्ये विमानाला फलक बांधून झाला. फरक पडला नाही, आणि का पडत नाही तेही उघड आहे : इथे खालच्या लीगमध्ये घसरण्याची भीती नाही, देशभरातल्या टीव्ही करारांचा समान वाटा जिंकला-हरला तरी येतो, आणि संघाची किंमत दरवर्षी वाढतेच. नेमक्या तक्रारीने मात्र फरक पडतो. एप्रिल २०२५ मध्ये उजव्या बाजूच्या भिंतीवरचं क्लेमेंटेचं २१ नंबरचं चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावली होती. लोक खवळले, त्याच्या मुलाने जाहीर नाराजी कळवली, आणि काही दिवसांत चिन्ह परत आलं. ती भिंत मुळात २१ फूट उंच बांधलीय तीच त्याच्यासाठी. तेव्हा क्लबला पत्र लिहायचं तर ‘मालक बदला’ असं लिहू नका. एक मागणी, एक आकडा, आणि तुम्ही पैसे कशावर खर्च करणार नाही ते लिहा.

पैशांचंच बोलायचं तर पॅकेज घेऊ नका. एकेका मॅचची तिकिटं घ्या. एप्रिल-मेमधले थंड मंगळवार-बुधवार घेतलेत तर पुनर्विक्रीत मूळ दरापेक्षा स्वस्त मिळतात. फटाके आणि बॉबलहेड (मान डोलवणाऱ्या बाहुल्या) वाटपाचे शनिवार टाळा, त्या दिवशी संघ कसाही असला तरी स्टेडियम भरतं. पॅकेजवाल्यांची चूक अशी होते की आधी पैसे भरलेले असतात म्हणून वीस मॅचेसना जावंच लागतं, आणि त्यातल्या बाराव्या मॅचला कोणालाच जायचं नसतं. दुसरं कारण जास्त ठोस आहे : लीग आणि खेळाडूंचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी, डिसेंबर २०२१ मध्ये, करार संपल्यावर ९९ दिवस टाळेबंदी होती. २०२७ चे पैसे आगाऊ भरण्याची काही गरज नाही.

जागा तिसऱ्या बेसच्या बाजूची घ्या. तिथून समोर नदी आणि डाउनटाउन दिसतं, आणि निदान त्यात कोणी स्ट्राइकआउट होत नाही. गाडी डाउनटाउनलाच लावा. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे पूल वाहनांना बंद असतो, चालत पलीकडे गेलं की गेटच. पाऊस असेल तर डाउनटाउन ते नॉर्थ साइड हा ‘टी’चा (शहरातल्या ट्रामचा) टप्पा फुकट आहे. बाहेरचं खाणं पारदर्शक पिशवीतून नेता येतं, तेव्हा घरच्या पोळीभाजीचे रोल करून न्या. पिशवीच्या मापाचे नियम निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या. वाचलेल्या पैशांत एका शनिवारी अल्टूनाला जा, पूर्वेला गाडीने दीड-दोन तास. तिथे पायरेट्सचा डबल-ए, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ खेळतो. तिकीट स्वस्त, उजव्या भिंतीमागे रोलर कोस्टर, आणि दोन वर्षांनी पायरेट्सच्या स्टेडियमवर, पीएनसी पार्कवर, येणारी पोरं पंधरा फुटांवरून बघायला मिळतात. त्यांनी अजून तुमचं काही वाईट केलेलं नाही.

घरचं वातावरण. आरडाओरडा होतो तो हात रिकामे असतात म्हणून. दोघांनी मिळून स्कोअरशीट भरा. प्रत्येक बॅटरला एक ओळ, प्रत्येक इनिंगला एक रकाना. मैदानातल्या जागांना ठरलेले आकडे : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला की ६–३. बॅट फिरवून स्ट्राइकआउट झाला की ‘के’, नुसता बघत उभा राहिला की उलटा ‘के’. सुरुवातीला गडबड होते ती एका चेंडूवर दोन-तीन धावणारे पुढे सरकतात तेव्हा. त्यावर उपाय एकच : आधी बॅटरचं लिहायचं, मग सगळ्यात पुढच्या धावणाऱ्यापासून मागे यायचं. पिच क्लॉक आल्यापासून दोन पिचमध्ये पंधरा ते अठरा सेकंदच मिळतात, तेवढ्यात लिहून आणि वर शिव्याही घालून होत नाहीत. सातवी इनिंग संपली आणि चार किंवा जास्त रन्सने मागे असाल तर टीव्ही बंद. हा नियम सीझनआधी बायकोसमोर ठरवा आणि रिमोट तिच्या हातात द्या. संघ पश्चिम किनाऱ्यावर गेला की मॅच रात्री साडेनऊ-दहाला सुरू होते, ती शाळेच्या दिवशी बघायचीच नाही.

राहिला पोरगा. डॉजर्सचा होऊ दे की! तुम्ही २०१३ मध्ये पायरेट्सच्या अँड्र्यू मॅकचनला बघून आलात, वाइल्ड कार्डच्या एकाच बाद मॅचला अख्खं स्टेडियम सिनसिनाटीच्या पिचरला ‘क्वेटो, क्वेटो’ ओरडून चिडवत होतं, त्याच्या हातून चेंडू सुटला आणि पुढच्याच पिचवर आपल्या रसेल मार्टिनने होमरन मारला. त्या पोराने यातलं काही पाहिलेलं नाही. २०१५ मध्ये तुम्ही ९८ विजय मिळवूनही एका रात्रीत बाहेर पडण्याचं दुःख भोगलंत, तेही त्याचं नाही. निष्ठा त्याच्या गळ्यात बांधू नका. अट फक्त एक घाला : दुसरा संघ अमेरिकन लीगमधला निवड, म्हणजे पायरेट्सशी गाठ क्वचितच पडेल. मग पायरेट्सच्याच नॅशनल लीगमधले डॉजर्स बाद होतात, हा आपला छोटासा कावा.

आणि त्याला इतिहास सांगायचाच तर १९०९, १९२५, १९६०, १९७१, १९७९ ही कपांची यादी घोकून घेऊ नका. १४ ऑक्टोबर १९९२ ची नववी इनिंग दाखवा. अटलांटा, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेची सातवी मॅच, पायरेट्स २–० पुढे, वर्ल्ड सिरीज तीन आउटवर. अटलांटाचा पहिला बॅटर दोन बेसचा फटका मारतो, दुसऱ्याच्या वेळी दुसऱ्या बेसवर चूक होते, तिसऱ्याला पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळे पहिला बेस फुकट मिळतो. दोन आउट झाल्यावर, २–१ असताना, फ्रान्सिस्को कॅब्रेराचा फटका डावीकडे जातो. एक रन आरामात येतो, बरोबरी. मागून दुसऱ्या बेसवरून धावतोय सिड ब्रीम, गुडघ्याची ऑपरेशन्स झालेला, मैदानातला बहुधा सगळ्यात संथ माणूस, आणि पायरेट्सचाच जुना खेळाडू. पायरेट्सच्या बॅरी बाँड्सचा थ्रो किंचित पहिल्या बेसच्या बाजूला पडतो, कॅचर तिकडून वळून येईपर्यंत ब्रीमचा पाय प्लेटला लागलेला. त्या हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पिट्सबर्ग २० सीझन ओळीने जिंकण्यापेक्षा जास्त हरलं, १९९३ ते २०१२. अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांत इतकी सलग घसरण कुणाची नाही. तुम्ही २०११ मध्ये आलात, म्हणजे शेपूटच पाहिलंत. शेजारच्या आजोबांना विचारा.

त्याच पडत्या काळात, नोव्हेंबर २००८ मध्ये, पायरेट्सनी उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, भारतातल्या एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले ते पहिले भारतीय. दोघंही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. पुण्याच्या काकाला पोराने फोनवर सांगावं असं हे आहे.

दरवर्षी १३ ऑक्टोबरला पिट्सबर्गच्या ओकलंड भागात, पायरेट्सच्या जुन्या फोर्ब्स फील्ड स्टेडियमची भिंत उरलीय तिथे, लोक जमून १९६० च्या सातव्या मॅचचं रेडिओ प्रसारण पहिल्यापासून ऐकतात. कप जिंकून देणारा मॅझेरोस्कीचा होमरन बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी ऐकू येतो. विद्यापीठाच्या पॉझवार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली जुनी होम प्लेट आहे, ती त्याच फेरीत बघून होते. एकच्या सुमाराला पोचा, घडीच्या खुर्च्या न्या, आणि तारीख शाळेच्या दिवशी आली तर पोराची अर्ध्या दिवसाची रजा आधीच कळवून ठेवा.